खंडहरकाका

भोपाळला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं, याचा क्रम आमच्या मराठी घरांत ठरलेला आहे. सकाळी पोहे-जिलबी, मग सांची, दुसऱ्या दिवशी भीमबेटका, संध्याकाळी बड्या तालाबाची हवा. खंडहरकाकांकडे आलेल्या पाहुण्याचा क्रम वेगळा असतो. पहिल्या दिवशी एखाद्या पडक्या भिंतीवर चढणं आणि दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन.

काकांचं खरं नाव आता पोस्टमनलाही आठवत नाही. मूळचे ग्वाल्हेरचे, लष्करातले. म्हणजे लष्कर नावाच्या भागातले. फौजेशी संबंध एवढाच की बोलतात हुकूम सोडल्यासारखे. सारी नोकरी भेलमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या शेडात झाली, आयुष्य पिपलानीच्या क्वार्टरात गेलं आणि निवृत्तीनंतर अवधपुरीत तीन खोल्यांचं घर बांधलं. छत्तीस वर्षं एकही वस्तू गंजू न देण्याचा पगार घेतला. आता गंजलेलं, पडलेलं, सडलेलं काही दिसलं की त्यांना भरून येतं.

पण कुठलंही पडकं त्यांना चालत नाही. किल्ले-देवळं बाद. "तिथं पुरातत्त्ववाल्यांचा बोर्ड लागला की मजा गेली." राजवाडेही बाद. शाहजहाँबादेतला ताजमहाल, होय, आमच्याही गावात ताजमहाल आहे, शाहजहाँ बेगमनं 1871 ते 1884 अशी तेरा वर्षं खपून बांधलेला. मी एकदा हौसेनं त्याचं नाव काढलं. पोपडे उडालेले, कमानी खचलेल्या, आणखी काय पाहिजे? काका म्हणाले, "छे रे! त्यात फाळणीनंतर सिंधी लोक राहून गेले. पोरं खेळली तिथं. दुःख एकसलग नाही."

काकांना एकसलग दुःख लागतं, आणि ते त्यांच्या मते फक्त एका जातीच्या इमारतीत मिळतं: वेड्यांचं ओस पडलेलं इस्पितळ. लांबच लांब व्हरांडा, दोन्ही अंगांना दारं, मध्येच उलटी पडलेली चाकाची खुर्ची, खिडकीतून आत शिरलेला वेल, आणि जमिनीवर पडलेला उन्हाचा चौकोन. असे फोटो त्यांच्या टॅबलेटात शेकड्यांनी आहेत. नातवंडांचे अकरा आहेत.

त्यांच्या तोंडी अमेरिकेतल्या डॅनव्हर्सचं नाव असं येतं, जसं दुसऱ्याच्या तोंडी गाणगापूरचं. "डॅनव्हर्स! 1878 साली उघडलं, 1992ला बंद. काय इमारत होती! मध्ये कार्यालय आणि दोन्ही बाजूंना वटवाघळाचे पंख पसरल्यासारखे वॉर्ड. प्रत्येक वॉर्ड जरा मागे सरकवलेला, का? तर सगळ्यांना ऊन मिळावं, वारा मिळावा. कर्कब्राइडसाहेबाचा नकाशा!" हा थॉमस कर्कब्राइड फिलाडेल्फियाचा डॉक्टर. इमारत चांगली असली की मन निम्मं बरं होतं, असा त्याचा विश्वास होता. मग त्या चांगल्या इमारतीत ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबली गेली आणि बरं होणं राहिलं बाजूला. काका ही दुसरी गोष्ट झटपट उरकतात. त्यांचा आवाज चढतो तो पुढे, 2006 साली डॅनव्हर्सचा बहुतेक भाग पाडून तिथं भाड्याची घरं उभी केली तेव्हा. "फ्लॅट केले रे, फ्लॅट!" डोळ्यांत पाणी. मागून काकू म्हणतात, "आणि इथं मी दोन वर्षं न्हाणीघराचं छत करून मागतेय."

तर ते छत होत नाही ते पोपड्यांपायी. काकांच्या मते पोपड्यांत जाती असतात. एकदा त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. खोलीला खाली चार फूट हिरवा ऑइलपेंट आणि वर चुना. भिंतीत ओल मुरलेली. भिंग काढून मला म्हणाले, "बघ. चुन्याचा पोपडा नुसता झडतो, पीठ होतं त्याचं. ऑइलपेंटचा मात्र वळतो, पापड तळल्यासारखा. आतून मागचा रंग दिसतो, त्याच्या मागे त्याच्याही आधीचा." खरंच, हिरव्याखाली फिकट निळा होता आणि निळ्याखाली गेरूसारखा काही. मी एक पोपडा बोटानं सोडवायला गेलो तर त्यांनी हातावर चापट मारली. भिंतीलगत एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर रजया रचलेल्या. मी टेकायला गेलो तर तिच्यावरूनही उठवलं. दर दिवाळीला काकू पुताईवाल्याला बोलावतात, तो दोन खोल्या करतो, या खोलीपाशी आला की काका दारात आडवे उभे.

काकांचं मोठं शल्य असं की भोपाळात असलं इस्पितळच नाही. "चार बेगमांनी मिळून शंभर वर्षं राज्य केलं. मशिदी बांधल्या, महाल बांधले, तलावाला घाट बांधले. वेड्यांसाठी एक साधी इमारत नाही सुचली? आज काय सुंदर पडली असती!" ईदगाह हिल्सला टीबीचं इस्पितळ आहे, पण क्षयरोग्यांचं ते दुय्यम मानतात. शिवाय ते चालू आहे. चालू असणं हा त्यांच्या लेखी इमारतीचा मोठाच दोष.

या दोषापायी त्यांची सारी भारतयात्रा वाया गेलेली आहे. मुलगा पुण्याला, हिंजवडीत. त्याच्याकडे जातात ते येरवड्याला जाता यावं म्हणून. कुलाब्याचा जुना वेडखाना आवरून हे उभारलं, 1915 पासूनचं, 2,540 खाटांचं. केवढी अपेक्षा घेऊन गेले! परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "बाहेर रिक्षांची रांग, टपरी, केसपेपरसाठी झुंबड. चालू आहे रे!" मग नागपूर, 1864चं. चालू. रत्नागिरी, 1886चं, म्हटलं कोकणातल्या पावसात तरी काही पडलं असेल. चालू. ठाण्याचं 1901चं, त्याच्या आवारातला एक तुकडा नव्या रेल्वे स्टेशनासाठी काढून दिला. काकांना हा अन्याय सहनच होत नाही. "म्हणजे पडकं होण्याची पायरीच गाळली! चालू इस्पितळ, की एकदम प्लॅटफॉर्म!"

ग्वाल्हेर तर माहेरच. तिकडच्या मराठी आया पोर फार दंगा करू लागलं की आरोग्यशाळेत टाकीन म्हणत. मानसिक आरोग्यशाळा हे नाव किती सोज्वळ आणि धमकी किती भारी. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानं राँची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तीन इस्पितळांवर देखरेख ठेवायचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं, यावरून तिथल्या तेव्हाच्या दिवसांची कल्पना यावी. उत्तरेत कुणाला वेडा म्हणायचं तर आग्र्याचं तिकीट काढून देतात, आमच्याकडे ग्वाल्हेरचं. काकांना हे तिकीट आयुष्यात बऱ्याच वेळा मिळालेलं आहे, प्रत्येक वेळी काकूंकडून.

दोन वर्षांमागे मात्र काकांना सापडलंच. सकाळी सहाला फोन. "चेतक काढलीय. खाली ये. कुणाला बोलू नको." जुन्या शहरात, एका सरकारी इस्पितळाच्या मागच्या बाजूला (कुठलं ते सांगत नाही, तिथले लोक सज्जन निघाले), बाभळींच्या आड एक बैठी इमारत. कौलं निम्मी गेलेली, दाराला पिंपळ फुटलेला. काकांनी चप्पल काढली. मला वाटलं काटा रुतला. ते देवळात जातात तसे आत गेले.

आत ओळीनं सात कोंदट खोल्या. प्रत्येकीला वर एवढीशी जाळी. भिंतीत कमरेच्या उंचीवर लोखंडी कड्या. काकांनी एका कडीला हात लावला आणि त्यांचा श्वास अडकला. "पाहिलंस? इथं बांधत असतील. नवाबीच्या काळात. कुणाला सांगितलं नाही कुणी. इतिहासात नाही. आपण शोधलं." कोपऱ्यात पांढरट भुकटीचा थर होता. "चुना. भिंतींवर लिहिलेलं पुसलं असणार." मग त्यांनी मला त्या इटलीतल्या माणसाची गोष्ट सांगितली. व्होल्तेर्राच्या इस्पितळातला नॅनेत्ती. जाकिटाच्या बक्कलानं त्यानं अंगणाची भिंत कोरून काढली, वर्षानुवर्षं, अक्षरं आणि चित्रं मिळून पावणेदोनशे मीटरच्या आसपास. गोष्ट खरी आहे. ती ऐकताना त्या अंधारात माझ्याही अंगावर काटा आला. मी भिंतीवर अक्षरं शोधू लागलो. एक सापडलंही. "न".

"को खाँ, क्या ढूँढ रिये हो?"

दारात चौकीदार, हातात लोटा.

काकांनी हलक्या आवाजात विचारलं, "बड़े मियाँ, यहाँ मरीज़ कब तक थे?"

"कौन से मरीज़? ये तो मलेरिया वालों का गोदाम था. वो दवाई छिड़कते थे न, उसकी बोरियाँ रखी जाती थीं." मग काकांच्या हातातल्या कडीकडे पाहून म्हणाला, "उसको मत हिलाओ खाँ, ढीली है. ईद पे बकरे बंधते हैं."

म्हणजे आम्ही अर्धा तास जुन्या कीटकनाशकात बसून शोक केला होता. परतताना पीरगेटजवळ नमकवाली चाय घेतली. काकांनी तीन पेले घेतले आणि शिंका आठ दिल्या. "न" कशाचा असेल, मी विचारलं. "नगर निगमचा," ते म्हणाले.

त्या कडीवरून मला एरवाडी आठवली आणि मी नको तेव्हा ती काढली. तामिळनाडूतलं गाव, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणारी खासगी आश्रयस्थानं. 2001च्या ऑगस्टमध्ये एका ठिकाणी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 जण होते तिथंच जळाले. काका बराच वेळ पेला फिरवत राहिले. मग म्हणाले, "शाकारलेलं छप्पर होतं ना ते. त्याचं खंडहर होत नाही. राख होते." यापुढे त्यांना काही बोलायचं नव्हतं आणि मलाही.

पण मी वाद घालणं सोडलेलं नाही. माझं म्हणणं असं, की तिकडची इस्पितळं ओस पडली ती पडू दिली म्हणून, नुसती म्हातारी झाली म्हणून नव्हे. 1950नंतर औषधं आली. 1961 साली इंग्लंडचा आरोग्यमंत्री एनॉक पॉवेल भर सभेत म्हणाला की ही पाण्याच्या टाकीखालची अवाढव्य इस्पितळं आपल्याला संपवायची आहेत. इटलीत बझालिया नावाच्या डॉक्टरानं तर चंगच बांधला, आणि 1978 साली तिथं नव्यानं माणसं भरती करणंच कायद्यानं थांबलं. माणसं बाहेर पडली. काहींना घर मिळालं, अमेरिकेत बऱ्याच जणांना फुटपाथ मिळाला. इमारती रिकाम्या झाल्या, मग त्यात वेल शिरले, मग फोटोवाले. आपल्याकडे 1912चा वेड्यांचा कायदा जाऊन नवा लागू व्हायला 1993 उजाडलं. इमारत रिकामी व्हायची तर आतल्या माणसाला न्यायला बाहेर कुणीतरी उभं असावं लागतं. चुकीचा पत्ता लिहून देऊन परत न फिरकलेल्या नातेवाइकांच्या कथा कुठल्याही मनोरुग्णालयातली जुनी नर्स सांगेल.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यातली पाण्याची टाकी तेवढी उचलली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिपलानीच्या टाकीचा फोटो, कृष्णधवल करून, वर दोन घारी. मुलाला पाठवला. मुलगा घाबरून विचारतो, "बाबा, कुठं दाखल झालात?"

बझालियाच्या घोड्यावरून तर आमचं कडाक्याचं भांडण झालं. 1973मध्ये त्याच्या त्रिएस्तच्या इस्पितळात रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा केला. चाकांवरचा. त्याला घेऊन गावातून मिरवणूक काढायची ठरली, आणि घोडा दारातून बाहेर येईना. शेवटी दार फोडून काढला. मी हे सांगताना माझाच गळा दाटला. काका मात्र अस्वस्थ. "माप नाही घेतलं?"

"काका, मुद्दा तो नाही."

"मुद्दा तोच आहे. आमच्याकडं ट्रान्सफॉर्मर आधी कागदावर दाराबाहेर काढतात, मग बनवतात. एवढा घोडा केला आणि चौकटीची उंची कुणी मोजली नाही? आणि वर चांगलं जुनं दार फोडलं!"

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. भोपाळात एक पडकी जागा अशी आहे की तिच्यासाठी जगभरातून कॅमेरे येतात. युनियन कार्बाइड. 1984च्या गॅसगळतीपासून बंद. गंजलेले पाइप, वर चढलेली झुडपं, गवतात आडवी पडलेली 610 नंबरची टाकी. तिथला 337 टन कचरा पिथमपूरला न्यायला 2025 उजाडलं. काकांना हवं ते सगळं तिथं आहे. आणि काका तिथं कधी गेलेले नाहीत. छोल्याकडून जायची वेळ आली तर चेतक दोन किलोमीटर वळसा घेते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कारखाना आहे तो. कारखान्यात मी छत्तीस वर्षं काढली."

कारण काकूंकडून कळलं, मटार सोलताना. गोष्ट सांगतोय असा आवाजही नव्हता त्यांचा.

"यांची आक्का स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरात राहायची. मिस्टर पार्सल ऑफिसात होते. त्या रात्री अनवाणी पळाली, अंगावरच्या कपड्यानिशी. मिस्टर गेले. ती आली आमच्याकडं. मग सोळा डिसेंबरला कारखाना पुन्हा चालू करून उरलेला गॅस संपवायचा म्हणाले ना, ऑपरेशन फेथ, तेव्हा सगळं गाव परत पळालं. वन्संनी तेव्हा ट्रंक भरली. रेशनकार्ड, दोन लुगडी, टॉर्च, बिस्किटाचा पुडा. पळायला काही लागलं नाही तेव्हा. पण ट्रंक पुढं कधी सोडलीच नाही त्यांनी. रोज रात्री दाराशी ओढून ठेवायच्या. खिडक्यांच्या फटीत ओली फडकी. कुणी कुकर लावला तर शिटीला ताडकन उठून बसायच्या. बिस्किटं दर महिन्याला बदलायची, जुनी पोरं खायची."

"डॉक्टर?"

"दाखवलं की. डोळ्यांत घालायला थेंब दिले, खोकल्याचं औषध दिलं. वन्सं सांगायच्या, घबराहट होते. लिहून घ्यायचे, घबराहट. झालं."

तेव्हा राज्यातल्या एकाही वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारतज्ज्ञ प्राध्यापक नव्हता. पुढे 1985 साली बाहेरची पथकं आली, लखनौहून आली, बंगळुरूच्या निम्हान्समधून आली. दवाखान्यांत येणाऱ्या गॅसपीडितांपैकी पाचात एकाहून अधिक लोकांना मनाचा विकार आहे असं तपासणीत निघालं, आणि मग इथल्या साध्या डॉक्टरांनाच थोडं शिकवून कामाला लावलं. आक्कांपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. त्या काकांकडे तेवीस वर्षं राहिल्या, आधी पिपलानीत, मग अवधपुरीच्या मागच्या खोलीत. ग्वाल्हेरला पाठवा, असं सुचवणारे पुष्कळ भेटले. काकूंनी शेंग मोडली. "हे म्हणाले, आरोग्यशाळेचं नाव पुन्हा काढलंत तर याद राखा. लहानपणी आईनं दिलेली धमकी डोक्यात बसलेली ना."

काकांचा आवडता एक किस्सा आहे. न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड इस्पितळ 1995 साली बंद झालं तेव्हा माळ्यावर चारशेच्या आसपास सुटकेसा सापडल्या, रुग्णांनी येताना आणलेल्या. कुणी नंतर मागितल्याच नव्हत्या. हा किस्सा ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, एकेका सुटकेसचा फोटो मोठा करून दाखवतात. सांगतात ते मागच्या खोलीत, रजयांनी झाकलेल्या ट्रंकेपासून चार हातांवर बसून.

या दिवाळीला काकूंनी निकराचं युद्ध पुकारलं. सून पहिल्यांदा बाळ घेऊन येणार, ओलीच्या खोलीत बाळ निजवणार नाही म्हणजे नाही. काका दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवले आणि म्हणाले, करा काय ते. पुताईवाला आला. खरवडताना हिरवा, निळा, गेरू सगळं फरशीवर आलं. काका स्टुलावर बसून एकेक तुकडा वहीच्या पानात ठेवत होते. वर डिस्टेंपर झाला, खाली ऑइलपेंट आला, मलईच्या रंगाचा, सुनेनं फोनवरून निवडलेला. पुताईवाला ट्रंकेपाशी आला.

"चचा, ये पेटी हटा दो. दो मिनट का काम है."

"नहीं हटेगी."

"पीछे रह जाएगा."

"रहने दो."

त्यानं काकूंकडे पाहिलं. मला वाटलं आता काकू बोलणार. त्यांनी रजया उचलल्या आणि ट्रंकेवर जुनी चादर टाकली. पुताईवाल्यानं खांदे उडवून ट्रंकेच्या कडेकडेनं ब्रश फिरवला, मागे हिरवा चौकोन तसाच ठेवून. एक मोठा थेंब चादरीच्या कडेवरून ओघळून कडीकोयंड्यावर पडला. काकू घासलेटाचा बोळा घेऊन धावल्या.

"राहू दे," काका म्हणाले. "ऑइलपेंट आहे. वळेल."